समुद्रातली उष्णतेची लाट

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

उन्हाळा लागला की नागपूर, अकोला, चंद्रपूरच्या उष्णतेच्या लाटेच्या बातम्या आपण रोज ऐकतो. पारा ४५ अंशांवर गेला, दुपारी घराबाहेर पडू नका, अशा सूचना मिळतात. पण उष्णतेची लाट समुद्रातही येते, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. किनाऱ्यावर उभं राहून ती दिसत नाही, तिचा आवाजही येत नाही. आपल्या दाराशी असलेल्या अरबी समुद्रातल्या या लाटेविषयी आज बोलू या.

आधी ती ओळखायची कशी ते पाहू. समुद्रातल्या एखाद्या ठिकाणच्या साधारण ३० वर्षांच्या नोंदी घ्यायच्या. वर्षाच्या त्या दिवसांत तिथलं पाणी एरवी किती गरम असतं, ते पाहायचं. शंभरातल्या नव्वद नोंदींना मागे टाकेल इतकं पाणी तापलं आणि तसं ते सलग किमान पाच दिवस राहिलं, तर शास्त्रज्ञ त्याला समुद्री उष्णतेची लाट म्हणतात. म्हणजे ही लाट केवळ उन्हाळ्यातच येते असं नाही. ती थंडीतही येऊ शकते.

पुष्कळदा हा फरक एक-दोन अंशांचाच असतो. तेवढ्यानं काय होतं, असं कुणी विचारील. आपल्या शरीराचं तापमान ३७ अंश सेल्सिअसवरून ३९ वर गेलं तर आपण अंथरूण धरतो, डॉक्टरांकडे धाव घेतो. समुद्रातल्या जिवांचंही तसंच आहे. शिवाय पाणी तापायला हवेपेक्षा कितीतरी जास्त उष्णता लागते. समुद्राच्या अगदी वरच्या सुमारे तीन मीटर पाण्यात साऱ्या वातावरणाइतकी उष्णता मावते. तेव्हा एका अंशाची वाढ म्हणजे उष्णतेचा प्रचंड साठा.

मग हा साठा होतो कसा? घरच्या जमाखर्चासारखाच हा हिशेब आहे. सूर्याची उष्णता ही जमेची बाजू. बाष्पीभवन आणि खालच्या गार पाण्याशी होणारी सरमिसळ ही खर्चाची बाजू. हा खर्च मुख्यतः वारा घडवून आणतो. मार्च ते मे या महिन्यांत सूर्य डोक्यावर, आकाश निरभ्र आणि वारा पडलेला. जमा वाढते, खर्च थांबतो. वरचा पातळ थर तापतच राहतो.

लक्षद्वीप आणि केरळच्या बाजूला आणखी एक गोष्ट घडते. हिवाळ्यात बंगालच्या उपसागरातलं कमी खारट पाणी श्रीलंकेला वळसा घालून इकडे येतं. ते हलकं असल्यामुळे दुधावर साय धरावी तसं वर राहतं, खालच्या पाण्यात लवकर मिसळत नाही. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर तिथलं पाणी ३० अंशांच्या वर जातं. पुढे नैर्ऋत्य मोसमी वारे सुटतात, ढग येतात, सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यालगत खोलातलं गार पाणी वर येतं आणि समुद्राचा ताप उतरतो. आपला मान्सून जमिनीला भिजवतो आणि समुद्रालाही निववतो. मात्र वारे रेंगाळले किंवा दुबळे पडले की ताप लांबतो.

एल निनोच्या काळात हिंदी महासागरावरचे वारे आणि ढग बदलतात आणि यात भर पडते. १९९८, २०१६ आणि २०२४ या तिन्ही वर्षी लक्षद्वीपची प्रवाळं मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली, ती एल निनोच्याच पाठोपाठ. प्रवाळाच्या शरीरात राहणारं सूक्ष्म शेवाळ त्याला अन्न आणि रंग देतं. पाणी तापलं की हे शेवाळ निघून जातं. ताप लवकर उतरला तर प्रवाळ सावरतं, लांबला तर उपासमारीनं मरतं.

एल निनो पूर्वीही होता, वारा पूर्वीही पडत होता. मग आताच लाटा का वाढल्या? कारण मूळ पातळीच वर सरकली आहे. हरितगृह वायूंमुळे पृथ्वीवर अडकलेल्या जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक उष्णता समुद्रानं पोटात घेतली आहे. १९५० ते २०२० या काळात हिंदी महासागर शतकाला १.२ अंश या वेगानं तापला. पाणी आधीच काठोकाठ भरलं असेल, तर सांडायला थोडं निमित्त पुरतं.

आता याचा आपल्याशी संबंध. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गुजरातकडे गेलं. मुंबईजवळच्या समुद्रात तराफा बुडून अनेक कामगार दगावले. त्या वेळी अरबी समुद्राचं पाणी नेहमीपेक्षा गरम होतं, आणि गरम पाणी हे वादळाचं इंधन असतं. मासेमारीवरही परिणाम होतो. वरचा थर तापून घट्ट बसला की खालची पोषक द्रव्यं वर येत नाहीत, वनस्पती प्लवक कमी होतात, आणि त्यांच्यावर जगणाऱ्या तारलीसारख्या माशांचं खाद्य घटतं.

पण समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या शेतकऱ्यालाही ही लाट भोवते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९८२ ते २०१८ या काळात पश्चिम हिंदी महासागरात अशा ६६ लाटा आल्या, आणि दर दशकाला त्यांत सुमारे दीड लाटेची भर पडते आहे. या लाटा असताना मध्य भारतात पाऊस कमी होतो, असं त्यांना आढळलं. जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातल्या फरकावर मोसमी वाऱ्यांचा जोर अवलंबून असतो. समुद्रच तापला की हा जोर ओसरतो. विदर्भातला शेतकरी आकाशाकडे पाहत बसतो, आणि कारण दूर समुद्रात असतं.

हैदराबादचं भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र उपग्रह आणि तरत्या यंत्रांच्या साह्यानं या लाटांवर नजर ठेवतं. ही माहिती मच्छीमार सोसायट्यांपर्यंत आणि कृषी सल्ल्यापर्यंत आपापल्या भाषेत पोचायला हवी. प्रवाळांवरचा मासेमारीचा आणि सांडपाण्याचा ताण कमी केला, तर तापातून सावरायला त्यांना वेळ मिळेल. पण हे झाले तात्पुरते उपचार. कार्बनचं उत्सर्जन असंच वाढत राहिलं, तर जिथे १९७० ते २००० दरम्यान वर्षाकाठी २० दिवस लाटेचे असत, तिथे या शतकाच्या अखेरीस २२० ते २५० दिवस असतील, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. म्हणजे पावसाळ्यानं उतरवायचा तापच उतरणार नाही.

म्हणून हवामानाच्या बातम्यांत विदर्भाचा पारा ऐकताना अरबी समुद्राचा पारा किती, हेही विचारायची सवय आपण लावून घेऊ या. आपल्या शेतावरचे ढग त्याच पाण्यातून उठतात.