याकोबाच्या विहिरीवर

(प्रायश्चित्तकाळातील मेळाव्यात आमच्या एका सहकारी भगिनीने केलेले भाषण)



पवित्र भूमीची यात्रा करून मी परतले तेव्हा सर्वांनी विचारले, "सगळ्यात जास्त काय आवडले?" बेथलेहेम, नाझरेथ, गालील सरोवर, जेरुसलेम, सगळीकडेच डोळे भरून आले. पण मनात घर करून बसली ती नाब्लुस शहरातली एक विहीर.

ती याकोबाची विहीर. तिच्यावर आता ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्च आहे. पायऱ्या उतरून खाली जावे लागते. विहीर फार खोल आहे. योहानाच्या शुभवर्तमानात आपण वाचतो, भरदुपारी दमलेला येशू इथे बसला आणि त्याने शोमरोनी स्त्रीजवळ प्यायला पाणी मागितले. यहुदी आणि शोमरोनी यांचा एकमेकांशी व्यवहार नव्हता, म्हणून तीही चकित झाली. जिवंत पाणी देणारा प्रभू आधी तिच्यापुढे मागणारा झाला.

तिथले पाणी ओठांना लावले आणि मला जव्हार तालुक्यातला एक पाडा आठवला. दोन वर्षे आम्ही तिथे धान्य-कपडे घेऊन जात होतो. मे महिन्यात एका आजीने मला ओटीवर बसवले आणि तांब्याभर पाणी आणले. पाणी थोडे गढूळ होते. मी म्हणाले, "राहू द्या आजी, माझ्याजवळ बाटली आहे." आजी काही बोलली नाही. तांब्या उचलून आत गेली. ते पाणी तिने किती लांबून डोक्यावर आणले होते, ते मला नंतर कळले.

पोट बिघडेल ही भीती खोटी नव्हती. पण मला चहा मागता आला असता. तिच्या हातचे काहीही न घेता मी नुसती देऊन आले होते.

आणि बंधुभगिनींनो, आपण तरी कोणाचे पाणी पितो? वसई-विरारच्या नळांना येणारे बरेचसे पाणी सूर्या नदीवरच्या धामणी धरणातून, म्हणजे याच आदिवासी पट्ट्यातून येते. आपण देणारे आणि ते घेणारे, हा हिशेब मुळातच चुकलेला आहे.

यात्रेहून आल्यावर मी पुन्हा त्या पाड्यावर गेले. या वेळी आजीकडे चहा मागितला. तिने चुलीवर कोरा चहा केला आणि आम्ही तासभर बोलत बसलो. तोपर्यंत मी तिला साधे नावही विचारले नव्हते.

पवित्र भूमीला जाणे सर्वांना परवडत नाही. पाड्याची वाट मात्र सर्वांना खुली आहे. या प्रायश्चित्तकाळात तुम्ही वाचवलेले पैसे सेवाकार्याला जरूर द्या. पण एकदा आमच्याबरोबर या, कोणाच्या तरी ओटीवर बसा आणि काहीतरी मागून घ्या.

प्रभू येशू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.