कारखाना बंद पडतो तेव्हां

जालना जिल्ह्यांतील टेंभुर्णी हें गांव कोरडवाहू शेतीच्या मुलुखांतलें. शेतीवर सर्वांचा निर्वाह होत नाहीं, म्हणून अशा गांवांतील तरुण वाळूज, शेंद्रा व चाकण येथील कारखान्यांची वाट धरतात. युरोपांतील मोटारधंद्यावर आलेलें संकट त्यांस परकें मानतां येणार नाहीं. कारण शेंद्र्याचा स्कोडाचा कारखाना आणि चाकणचा फोक्सवॅगनचा कारखाना हे एकाच जर्मन उद्योगसमूहाचे आहेत.

त्या समूहाच्या मायदेशीं काय घडलें तें पाहावें. युरोपांत मोटारींचा खप मंदावला, विजेवर चालणाऱ्या गाडीस माणसें कमी लागूं लागलीं, आणि चीनची स्पर्धा वाढली. १९९४ पासून चालत आलेली नोकरीची हमी फोक्सवॅगनच्या चालकांनीं सप्टेंबर २०२४ मध्यें रद्द केली. कामगारांनीं इशाऱ्याचे संप केले. आणि डिसेंबरांत तडजोड झाली. २०३० पर्यंत ३५,००० हून अधिक जागा कमी करावयाच्या, परंतु सक्तीनें कोणास काढावयाचें नाहीं, असें ठरलें. ही कोणाची दयाबुद्धि नव्हे. तेथील देखरेख मंडळांत निम्म्या जागा कामगारपक्षाच्या आहेत, आणि लोअर सॅक्सनी या प्रांताच्या सरकारकडे वीस टक्के मतें आहेत. निर्णय होण्यापूर्वींच राज्यसत्ता मेजाशीं बसलेली होती.

बेल्जममध्यें निराळें झालें. १९९७ सालीं रेनॉ कंपनीनें विल्वोर्द येथील कारखाना बंद करण्याचें एकाएकीं जाहीर केलें. लोकक्षोभ उसळला, आणि १९९८ मध्यें कायदा झाला: सामुदायिक कपातीपूर्वीं कामगारांशीं विचारविनिमय केलाच पाहिजे. तरीहि फेब्रुवारी २०२५ मध्यें ब्रुसेल्समधील आउडीचा कारखाना बंद झाला, व सुमारें तीन हजार लोकांचें काम गेलें. कायद्यानें अवधि मिळाला. काम मिळालें नाहीं.

आतां घरचें उदाहरण. पुण्याजवळील तळेगांव येथें २००८ मध्यें जनरल मोटर्सचा कारखाना सुरू झाला. २०१७ अखेर कंपनीनें या देशांतील विक्री थांबविली. डिसेंबर २०२० मध्यें तळेगांवचें उत्पादनहि थांबलें. सुमारें १,४०० कामगारांच्या चुली धोक्यांत आल्या. ग्रेट वॉल ही चिनी कंपनी कारखाना घेणार होती, आणि जून २०२० मध्यें तिनें महाराष्ट्र सरकारशीं करारहि केला. त्याच महिन्यांत गलवान खोऱ्यांत रक्त सांडलें. केंद्र सरकारची संमति अखेरपर्यंत मिळाली नाहीं, आणि २०२२ मध्यें व्यवहार मोडला. पुढें २०२३ मध्यें ह्युंदाईनें जमीन, इमारती व कांहीं यंत्रें घेण्याचा करार केला. त्या यादींत कामगार नव्हते. देशाच्या रक्षणासाठीं कठोर निर्णय घेणें भाग पडतें, हें मान्य. पण त्याची किंमत एकट्या कामगारानेंच कां द्यावी?

आपल्याकडे कायदा नव्हता असें नाहीं. १९७६ सालीं औद्योगिक विवाद कायद्यांत असें कलम आलें कीं, तीनशें किंवा अधिक कामगारांचा कारखाना सरकारच्या परवानगीवांचून बंद करतां येणार नाहीं. १९८२ च्या दुरुस्तीनें ही मर्यादा शंभरावर आली. २०२० च्या संहितेनें ती पुन्हां तीनशेंवर नेली. आंकडा वर चढतो, खालीं उतरतो. परंतु परवानगी नाकारल्यानें मागणी नसलेल्या मालास गिऱ्हाईक मिळत नाहीं.

मग राज्यकर्त्यांनीं काय करावें? कारखान्यास जमीन व सवलती देतांनाच, तो बंद झाल्यास कामगारांचें काय, हें करारांत लिहून घ्यावें. कारखाना विकला जातांना जुन्या कामगारांस पहिला हक्क असावा. आणि धंदा बदलत आहे असें दिसतांच नव्या यंत्रांचें शिक्षण चालू पगारावर द्यावें; पगार थांबल्यावर शिकावयास उसंत कोणास असते? उद्घाटनाच्या दिवशीं मंत्र्यांची गर्दी होते. समाजाची खरी परीक्षा मात्र फाटकास कुलूप लागतें त्या दिवशीं होते. आणि त्या परीक्षेची तयारी उद्घाटनाच्या दिवशींच करावी लागते.