बांड्या पाखरांचा हिशेब

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाच्या भावावर बोलणारे आज पुष्कळ आहेत आणि त्यांनी बोलायलाच पाहिजे. आम्हाला वेळ मिळाला आहे तो कोंबड्यांवर बोलायला. हसू नका. विषय कोंबडीचा दिसतो, पण आहे तो बियाण्याचा आणि कर्जाचा. आम्ही सात घरांनी मिळून रंगीत गिनी कोंबड्यांच्या धंद्यात पैसे घातले, ठेच खाल्ली आणि वर आमच्यातल्याच एका बाईवर खोटा आळ घेतला. हे इथे उघड सांगितले तर दुसऱ्या गावची सात घरे वाचतील, म्हणून उभे राहिलो आहोत.

ज्यांनी गिनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हे पाखरू मूळचे आफ्रिकेतले. डोके बोडके, त्यावर शिंगासारखा हाडाचा तुरा, अंग करडे आणि त्यावर पांढरे ठिपके. काटक जात. ऊन सोसते, रानात फिरून किडे, गवताचे बी, सांडलेली ज्वारी खाते. गुरांचे गोचीड वेचते. साप, मुंगूस किंवा परका माणूस दिसला की सगळा थवा असा कलकलाट करतो की कुत्र्याची गरज राहत नाही. मादी उन्हाळ्याच्या तोंडाला अंड्यावर येते आणि पावसाळा संपेपर्यंत घालते. निगा चांगली असली तर हंगामात शंभराच्या आसपास अंडी मिळतात. अंडे लहान, पण कवच जाड, त्यामुळे फुटतूट कमी.

एक गोष्ट आताच सांगून ठेवतो. गिनी पाळली की कपाशीची फवारणी वाचते असे कोणी सांगत असेल तर त्याला विचारा, गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत असते, पाखरू तिथे चोच कशी घालणार? गिनीचे जे गुण आहेत ते पुरेसे आहेत. नसलेले चिकटवायचे कारण नाही.

या ठिपक्यांच्या करड्या पाखरात काही वेगळे रंग निघतात. उत्तर प्रदेशात बरेलीजवळ इज्जतनगरला १९७९ साली केंद्रीय पक्षी संशोधन संस्था स्थापन झाली. तिथे गिनीचे तीन वाण आहेत. कादंबरी म्हणजे ठिपक्यांची करडी, चितांबरी म्हणजे फिकट निळसर राखी आणि श्वेतांबरी म्हणजे पांढरी. शहरातल्या हौशी लोकांना राखी आणि पांढऱ्या पाखरांचे आकर्षण असते आणि ते दोन पैसे जास्त देतात. आमची गोष्ट इथूनच सुरू होते.

आमची ठेच

एक विक्रेता गावात आला. त्याच्याकडे छाती आणि पंखांची टोके पांढरी, बाकी अंग करडे अशी पाखरे होती. आपल्याकडे गाय अशी असली तर आपण बांडी म्हणतो. ही पाखरेही बांडीच. तो म्हणाला, ही दुर्मिळ जात आहे, पिल्ले आम्हीच परत घेऊ. आम्ही बचत गटातून पैसे उचलले आणि एका जोडीला एका शेळीची किंमत मोजली. कागद केला नाही. सरकीची पिशवी घेताना आपण पावती मागतो, पण इथे गोड बोलण्यावर भागवले.

पिल्ले एका बाईच्या अंगणात वाढवायची ठरली. तिने जिवापाड कष्ट घेतले. गिनीचे पिल्लू दवात भिजले की मरते, गुळगुळीत जमिनीवर पाय फाकून लुळे पडते. म्हणून तिने खाली गोणपाट टाकले, अंडी देशी खुडूक कोंबडीखाली बसवली आणि देशी पिल्लाला २१ दिवस लागतात तिथे हिला २६ ते २८ दिवस लागतात म्हणून कोंबडीला आठवडाभर जास्त जपले. शेवटी ४१ पिल्ले हाती लागली आणि पिसे आल्यावर पाहतो तर काय! १० पांढरी, १२ साधी करडी आणि बांडी फक्त १९.

विक्रेत्याने साधी करडी घ्यायला नकार दिला. म्हणाला, तुम्ही जात बिघडवली, दुसरा नर शिरला असणार. आणि आम्ही ते खरे मानले! त्या बाईला भर बैठकीत विचारले, शेजारची अंडी मिसळलीस का? ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून बैठकीला यायची बंद झाली.

पुढे पशुवैद्यकाचे शिक्षण घेतलेल्या एका ओळखीच्या मुलाने आम्हाला उलगडून सांगितले. ते ऐकून आमच्या माना खाली गेल्या.

बांडी ही जातच नव्हे

आपण सगळे संकरित बियाणे पेरणारे आहोत. ज्वारीची सीएसएच-१ ही १९६४ साली आली. १९७० साली गुजरातेत सुरतच्या केंद्रातून एच-४ हा संकरित कापूस आला. तेव्हापासून आपल्याला एक गोष्ट पक्की माहीत आहे. संकरित कपाशीची सरकी राखून पुढच्या वर्षी पेरली तर शेतात एक झाड उंच, एक बुटके, एक लवकर फुटणारे, एक उशिरा, अशी भेळ होते. त्यात शेतकऱ्याची चूक नसते. दोन वाणांचे जे एकत्र केलेले असते ते पुढच्या पिढीत सुटे होते.

बांडी गिनी म्हणजे असेच संकरित पाखरू आहे. प्रत्येक पिल्लाला रंगाचा एक वाटा बापाकडून येतो आणि एक आईकडून. दोन्ही वाटे पांढऱ्याचे असले की पाखरू पांढरे. दोन्ही करड्याचे असले की करडे. एक पांढऱ्याचा आणि एक करड्याचा असला की बांडे. आता बांडा नर आणि बांडी मादी एकत्र केली, की चार पिल्लांमागे सरासरी एक पांढरे, दोन बांडी आणि एक करडे निघणार. आमची ४१ पिल्ले मोजून पाहा. १०, १९, १२. हिशेब जवळजवळ तंतोतंत आहे. त्या बाईने एकही अंडे मिसळले नव्हते. तिच्या अंगणातली पिल्लेच तिच्या बाजूने साक्ष देत होती, ती आम्हाला वाचता आली नाही.

बांड्याची शुद्ध जात कधीच होऊ शकत नाही. दहा पिढ्या निवड केली तरी होणार नाही. आणि गंमत पाहा, पांढरा नर साध्या करड्या मादीला दिला की पहिल्याच वर्षी सगळी पिल्ले बांडी निघतात. म्हणजे ज्या पाखराला आम्ही शेळीचे पैसे मोजले, ते आम्हाला एका पांढऱ्या नरावर घरीच करता आले असते.

राखी रंगाचे गणित वेगळे

राखी रंग दबून राहणारा आहे. राखी नर करड्या मादीला दिला तर सगळी पिल्ले करडी दिसतात. शेतकरी म्हणतो, फसलो. फसलेला नसतो. राखीचा वाटा आत लपलेला असतो. अशी भावंडे एकमेकांना दिली तर चारात एक राखी निघते. उरलेल्या तीन करड्यांत दोघांच्या पोटात राखीचा वाटा असतो, पण कोणत्या दोघांच्या ते नुसते पाहून ओळखता येत नाही. इथेच दुसरी फसवणूक होते. करडे पाखरू दाखवून यातून राखी निघतील असे सांगतात. निघतीलही आणि निघणारही नाहीत. अशा पाखराला करड्याचाच भाव द्यावा.

ज्याला राखी रंग करायचाच आहे त्याने असे करावे. पहिल्या वर्षी एक राखी नर आणून घरच्या करड्या माद्यांना द्यावा. त्यांच्या मादी पिल्लांच्या पायात कडी घालून ती वेगळी ठेवावीत. पुढच्या हंगामात दुसऱ्या ठिकाणचा, रक्ताचा संबंध नसलेला राखी नर आणून या कडीवाल्या माद्यांना द्यावा. बाप किंवा भाऊ देऊ नये. एकाच रक्तात जोड्या लावत गेले की अंडी कमी उबतात आणि पिल्ले अशक्त निघतात, मग रंग घेऊन चाटायचा आहे काय? दुसऱ्या वर्षी निम्मी पिल्ले राखी मिळतात. चार-पाच माद्यांमागे एक नर पुरतो.

आणि राखीला राखी दिली की पिल्ले सगळी राखी. दर वर्षी दुकानात जायला नको. हे घरचे बियाणे झाले. २००२ साली बीटी कापूस आला तेव्हापासून आपली सरकी दुकानदाराच्या हातात आहे, पण हा रंग एकदा हाती आला की कोणी काढून घेऊ शकत नाही.

मग सगळ्यांनी राखीच का करू नये?

कारण जे आम्हाला करता येते ते सगळ्यांना करता येते. समजा, एका मादीची ४० पिल्ले जगली. त्यात २० माद्या. पुढच्या वर्षी त्या २० च्या ४००. तिसऱ्या वर्षी ८,०००. घार, मुंगूस, रानमांजर यांनी निम्मी नेली तरी तिसऱ्या वर्षी जिल्हाभर राखी पाखरे दिसतील. दुर्मिळपणाचा भाव दुर्मिळपणाबरोबरच जातो. सुरुवातीला जोड्या विकणाऱ्याला पैसे मिळतात आणि शेवटी घेणाऱ्याच्या गळ्यात पाखरे पडतात.

हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. एमूच्या योजना २०१२ साली तामिळनाडूत कोसळल्या आणि आपल्या महाराष्ट्रातही शेतकऱ्यांनी जाळ्या मोडून पक्षी सोडून दिले. २०१९ साली कडकनाथाच्या नावाने पश्चिम महाराष्ट्रात तेच झाले. पाखरू वाईट नव्हते. पण ते खाणारा कोण, हे कोणी विचारले नाही. एक शेतकरी दुसऱ्याला पिल्ले विकत होता आणि त्यालाच बाजार समजत होता.

अशा विक्रेत्यांवर बंदी घाला म्हणून सरकारच्या दारात जायची आपली रीत नाही. ज्याला विकायचे त्याने विकावे, ज्याला घ्यायचे त्याने घ्यावे. पण घेणाऱ्याला हिशेब यायला हवा. म्हणून पाखरू घेण्याआधी पाच गोष्टी पाहा.

एक, या पाखरांचे आईबाप कोणत्या रंगाचे होते ते विचारा आणि शक्य असेल तर डोळ्यांनी पाहा.

दोन, बांडे पाखरू जात म्हणून घेऊ नका.

तीन, जोडी म्हणून दोन नर पदरात पडत नाहीत ना, ते तपासा. दिसायला दोघे सारखेच. नर एकसुरी ओरडतो. मादी दोन सुरांत साद घालते, तशी साद नर कधीच घालत नाही. थोडा वेळ बसून ऐका.

चार, परत घेण्याची बोली असेल तर भाव, मुदत आणि कोणते रंग घेणार, हे कागदावर घ्या.

पाच, कर्ज काढून रंग विकत घेऊ नका. थवा साध्या करड्याचा ठेवा. तो अंड्याला आणि मांसाला चालतो, ज्वारीच्या धसकटांत लपतो आणि पांढऱ्यासारखा घारीच्या डोळ्यात भरत नाही. रंगाचा नाद चार-सहा पाखरांपुरता ठेवा. दोन पैसे जास्त मिळाले तर आनंद, नाही मिळाले तर अंडी आहेतच.

शेवटचे सांगतो. आम्ही सातही घरचे लोक त्या बाईच्या घरी गेलो आणि माफी मागितली. ती म्हणाली, "तुम्ही माझ्या कष्टांवर नाही, त्या परक्याच्या शब्दावर विश्वास ठेवला." यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. आता थव्याची वही तिच्याकडे आहे. कोणत्या नराची कोणती पिल्ले, किती जगली, किती विकली, सगळे ती लिहिते आणि तिच्या वहीत नाही ते आम्ही मानत नाही. गटाचे कर्ज अजून फिटायचे आहे. बांड्यांनी ते फिटणार नाही, करड्यांच्या अंड्यांनी हळूहळू फिटते आहे.

ज्यांना हा हिशेब वहीत उतरवून घ्यायचा असेल त्यांनी जेवणाच्या सुट्टीत मंडपाच्या डाव्या बाजूला यावे. पाखरेही आणली आहेत, एक पांढरे, एक करडे आणि एक बांडे. ती बाईही तिथेच आहे. आमच्यापेक्षा ती नीट समजावून सांगते.

जय हिंद! जय किसान!