उन्हाळी सहल आणि निसर्गचित्रण
(पालक-सभेतील भाषण)



मी भूगोलाचा शिक्षक आहे. चित्रकलेची पदविका माझ्याजवळ नाही. तरीही चिखलदऱ्याच्या सहलीतील दोन सकाळी जलरंगांसाठी राखून ठेवाव्यात, असा माझा आग्रह आहे. ‘चित्रेच काढायची तर घर काय वाईट?’ असे एका पालकांनी विचारले. प्रश्न रास्त आहे.

आपल्या पाचवीतल्या मुलाला देखावा काढायला सांगा. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवता सूर्य, खाली नदी आणि काठावर नारळ! बडनेऱ्यात नारळाची बाग कोणी पाहिली आहे? आपली काळी जमीन, धुऱ्यावरची बाभूळ, जंक्शनचे रूळ मात्र कागदावर कधी उतरत नाहीत. मूल पाहून काढत नाही, पाठ केलेले काढते. भूगोलाची उत्तरेही ते तशीच लिहिते, हे माझे खरे दुखणे आहे.

गाविलगडचा डोंगर त्रिकोणी नाही. लाव्ह्याचे थरावर थर साचून तो झाला. म्हणून माथा सपाट आणि कडे पायऱ्या-पायऱ्यांचे. ही आकृती मी दरवर्षी फळ्यावर काढतो. पण जो विद्यार्थी तासभर समोर बसून तो कडा रेखाटील, त्याला ती पुन्हा सांगावी लागणार नाही.

शिवाय मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. कागदावर पाणीदार रंग पसरावा, तर खालची कड गाठेपर्यंत वरचा सुकतो आणि डाग पडतात. चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे. तेथे सकाळी रंग ओला राहतो, मुलाला विचार करायला उसंत मिळते. मात्र नऊनंतर सावल्या भराभर आखडतात. म्हणून सावल्यांच्या जागा आधी आखून घ्याव्यात. पांढरा रंग वापरू नये. उजेडासाठी कागदच कोरा सोडावा. आणि मुले हिरवा रंग शोधतील, तेव्हा त्यांना घाटातला साग दाखवावा. तो त्या दिवसांत निष्पर्ण असतो. डोंगर तपकिरी दिसतो, दूरचा निळसर. सावलीही काळी नसते. हे मी सांगून पटणार नाही, तेथे बसूनच पटेल.

ही कल्पना काही माझी नव्हे. कोल्हापूरचे आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून गावी परतले आणि कोटितीर्थ तलावाचा परिसर त्यांनी पुनःपुन्हा रंगविला. एकच तलाव, वेगवेगळा प्रकाश! सय्यद हैदर रझा तर वनखात्यातील नोकरदाराचे चिरंजीव. नागपूरच्या कलाशाळेत शिकून ते मुंबईस गेले. त्यांची सुरुवातीची ख्याती जलरंगातील दृश्यचित्रांचीच होती. आपली सर्व मुले चित्रकार व्हावीत, असे मी म्हणत नाही. एक-दोन झाली तर हरकतही नाही.

खर्चाचे म्हणाल, तर रंगांची एक पेटी दोघांत चालेल. कागद मात्र जाड हवा. पातळ कागद पाण्याने फुगतो. जुन्या वहीचा पुठ्ठा पाटीचे काम करील. टोपी हवी, आणि पिण्याच्या पाण्याची बाटली ब्रश धुण्याच्या डब्यापासून दूर ठेवावी. प्रत्येक चित्रामागे स्थळ, तारीख व वेळ लिहून घेऊ. जूनअखेर शाळा उघडली, की ती सारी व्हरांड्यात लावू. बरी-वाईट निवड करणार नाही. संमतिपत्रे वर्गशिक्षकांकडे आहेत. शनिवारपर्यंत सही करून द्यावीत, ही विनंती.