लेखणीवर चालणारे संसार
(मीरा रोड येथे शिक्षक व लोकप्रतिनिधी यांच्यापुढे केलेले भाषण)



भाईंदर म्हटले की जुन्या माणसाला मिठागरे आठवतात, तर नव्याला लोकलची गर्दी. अलीकडच्या काळात घोडबंदर रस्त्यावर आणि काशीमीरा परिसरात दूरचित्रवाणी मालिकांचे चित्रीकरणही होऊ लागले. अंधेरी-गोरेगावची भाडी न परवडणारे कित्येक कलावंत, तंत्रज्ञ व लेखक या शहरात राहावयास आले. त्यांपैकी लेखकाचा संसार कसा चालतो, एवढ्यापुरतेच आज बोलावयाचे आहे.

निव्वळ लेखणीवर पोट भरणे मराठीत पूर्वीही विरळाच होते. व्यंकटेश माडगूळकर पुण्याच्या आकाशवाणीत नोकरीस होते. नारायण सुर्वे गिरणीत राबले, शाळेत शिपाई झाले आणि पुढे शिक्षक. ग. दि. माडगूळकरांना चित्रपटाने हात दिला. अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’ला १९६१ साली राज्य शासनाचे पारितोषिक लाभले; तरी त्यांच्या आयुष्याची बरीच वर्षे घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत गेली. यामागचे गणित साधे आहे. तीनशे रुपये किमतीच्या पुस्तकाच्या एक हजार प्रती काढल्या आणि दहा टक्के मानधन ठरले, तर सगळी आवृत्ती संपल्यावर लेखकाच्या पदरी तीस हजार रुपये पडतात. आवृत्ती संपावयास वर्षे लागतात, हे निराळे सांगावयास नको.

मालिकेत पैसा अधिक, पण भरवसा कमी. मोबदला भागागणिक ठरतो आणि पुष्कळदा प्रक्षेपणानंतर नव्वद दिवसांनी हाती येतो. आज लिहिलेला प्रवेश उद्या चित्रित व्हावयाचा असतो. वाहिनीने रात्री कथानक बदलले तर रात्रीच पुन्हा लिहावे लागते. प्रेक्षकसंख्या घसरली की मालिका बंद होते, आणि घराचा हप्ता मात्र चालू राहतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे चित्रीकरण थांबले, तेव्हा भागावर पोट असलेल्यांचे उत्पन्न एका दिवसात आटले.

या बाबतीत कायदा लेखकाच्या बाजूला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी व स्वाक्षरीनिशीच व्हावे लागते. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटात वापरलेल्या साहित्यकृतीच्या लेखकास, चित्रपटगृहातील प्रदर्शनाखेरीज होणाऱ्या इतर वापराच्या स्वामित्वधनात समान वाटा दिला. हा हक्क निर्मात्याला लिहून देता येत नाही. पण दारात काम आलेले असताना कराराचा कागद वाचून पाहण्याचे धैर्य नवख्याला होत नाही, आणि माझ्या मते खरी अडचण तेथेच आहे. अंधेरीत पटकथालेखकांची संघटना आहे. तेथे लेखनाची नोंदणी होते, तंट्यात मदतही मिळते. हाती लेखन देण्यापूर्वी ही नोंदणी जरूर करावी.

आता आपल्या कामाचे. १९६० साली स्थापन झालेले साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकाच्या पहिल्या पुस्तकास अनुदान देते. विद्यार्थ्यांत कोणी लिहिते असेल तर शिक्षकांनी त्याला ही वाट दाखवावी. ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांसाठी शासनाची मासिक मानधन योजना आहे आणि २०२४ पासून हे मानधन दरमहा पाच हजार रुपये झाले आहे. अर्जाबरोबर उत्पन्नाचा दाखला आणि कलाक्षेत्रातील कामाचे पुरावे लागतात. गावोगाव फिरून वगनाट्ये रचणाऱ्या वृद्ध शाहिराजवळ पुरावा कोठला असणार? जुनी कात्रणे, जत्रेची हस्तपत्रके, कार्यक्रमाची छायाचित्रे जमवून देणे पंचायत सदस्याला सहज शक्य आहे, आणि त्याने ते करावे.

आणखी एक. वाचनालयाच्या किंवा शाळेच्या कार्यक्रमास आपण लेखकाला बोलावतो, शाल-श्रीफळ देतो, फोटो काढतो आणि स्टेशनपर्यंत पोहोचवतो. मंडपवाल्याचे व ध्वनिक्षेपकवाल्याचे पैसे अंदाजपत्रकात आधी मांडलेले असतात. त्याच कागदावर, त्यांच्याही वर, वक्त्याचे मानधन व प्रवासखर्च ही ओळ लिहावी आणि ते पाकीट कार्यक्रमाच्या दिवशीच द्यावे.