पोरगी एक वर्ष परदेशात जाते म्हणते

कापूस वेचून आलेल्या, भाकरी थापत ऐकणाऱ्या, आणि गटाची बैठक रेडिओसाठी दहा मिनिटं थांबवणाऱ्या सगळ्यांना नमस्कार.

मागच्या महिन्यात आम्ही काटोलकडच्या एका गटात हिशेब तपासायला बसलो होतो. बैठक संपली तरी एक ताई उठेनात. त्यांची दोन एकर संत्र्याची बाग आहे. पोरगी नागपूरला इंजिनिअरिंगला, कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला. ताईंनी पिशवीतून एक चकचकीत पुस्तिका काढली आणि म्हणाल्या, "पोरगी एक वर्ष परदेशात शिकायला जाते म्हणते. एक एकर वावर इकून टाकू काय?"

बाकीच्या बाया गप्प झाल्या. एक काकू म्हणाल्या, "काऊन जी, लग्नाचं काय मग?" ताई म्हणाल्या, "लग्नासाठी वावर इकलं असतं तर कोणी इचारलं नसतं." त्यावर आमच्याकडेही उत्तर नव्हतं.

पुस्तिका नागपुरातल्या एका एजंटाची होती. दोन वर्षं इथं, तिसरं वर्ष बाहेर, चौथं परत इथं, खर्च 20 लाख. जागा राखून ठेवायला 50 हजार लगेच भरायचे, आठ दिवसांत. ही आठ दिवसांची घाई आम्हाला खटकली. बियाणंवालाही असंच म्हणतो.

आधी आम्ही असा काही नियम आहे का ते पाहिलं. आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 साली भारतातल्या आणि परदेशातल्या विद्यापीठांनी मिळून शिकवण्याचे नियम काढले. त्यात एक प्रकार असा, की पदवी आपल्या इथल्याच संस्थेची मिळते आणि काही भाग बाहेर शिकता येतो, जास्तीत जास्त 30 टक्के. आता टक्के कशाचे, तर श्रेयांकांचे. श्रेयांक म्हणजे, बायांनो, आपल्या पासबुकातल्या नोंदीसारखे. विषय पास झाला की खात्यात जमा. इंजिनिअरिंगच्या पदवीला साधारण 160 लागतात, म्हणजे वर्षाला 40 धरा. एक वर्ष बाहेर म्हणजे चौथा हिस्सा, 30 टक्क्यांच्या आत बसतो. पोरगी काही खुळ्यासारखं बोलत नव्हती.

पण खरी मेख पुढे आहे. बाहेर मिळवलेले श्रेयांक इथल्या खात्यात तेव्हाच जमा होतात, जेव्हा दोन्ही संस्थांमध्ये तसा लेखी करार असतो. एजंटाचा कागद हा करार नाही. म्हणून पोरीला सांगितलं, कॉलेजच्या कार्यालयात लेखी अर्ज दे आणि तीन गोष्टी विचार. त्या विद्यापीठाशी आपला करार आहे का? तिथले कोणते विषय आपल्या कोणत्या विषयांच्या जागी धरणार? शेवटी पदवी कोणाच्या नावाची? उत्तर तोंडी नको, कागदावर हवं.

ते उत्तर यायला वेळ लागणार होता, तोवर आम्ही बँकेत गेलो. इथं जरा थांबतो, कारण हा हिशेब प्रत्येकीच्या कामाचा आहे.

शैक्षणिक कर्जाच्या बँकांच्या सर्वसाधारण योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. त्याच्या वर गेलं की तारण. ताईंना वाटलं, बाग आहे ना! पण बँका यासाठी शेतजमीन बहुधा घेत नाहीत. कर्ज थकलं तर बँकेला कोर्टात न जाता तारण ताब्यात घेता येतं, तो कायदा शेतजमिनीला लागू नाही. म्हणून त्या घर, प्लॉट नाहीतर मुदतठेव मागतात. बाग गहाण ठेवता येणार नव्हती, विकावीच लागली असती. आणि परदेशासाठी 15 टक्के पैसा स्वतःचा घालावा लागतो. 20 लाखांवर 3 लाख. उरले 17. शेकडा 10 व्याज धरलं तर वर्षाचे 1 लाख 70 हजार. हप्ता शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून धावतं. बाहेरचं वर्ष, इथलं शेवटचं वर्ष आणि सवलतीचं वर्ष, अशी तीन वर्षं. पहिला हप्ता यायच्या आधीच 17 लाखांचे 22 लाख 10 हजार. आमच्या गटाच्या सचिवताईंनी हे बोटांवर मोजलं, कॅल्क्युलेटर नंतर काढला.

एकीने सुचवलं, गटाला मंजूर झालेलं बँकेचं कर्ज यावेळी सगळं हिलाच देऊ. मन मोठं, पण आम्ही नाही म्हटलं. ते कर्ज दहा जणींच्या नावावर असतं. एक हप्ता थकला तर दहाही चुली अडतात. यावर दोघी रुसल्या. अजून एक बोलत नाही आमच्याशी.

मग आम्ही पोरीलाच बोलावलं. विचारलं, कॉम्प्युटर तर घरी बसूनही शिकता येतो, स्वयम्‌वर आयआयटीचे प्राध्यापक फुकट शिकवतात, मिहानमध्ये मोठ्या कंपन्या आहेत, मग बाहेर कशाला? ती म्हणाली, "मावशी, वर्गात प्रोजेक्टचा गट पडला की मला लिहायचं काम देतात, कोड पोरं करतात. मला एक वर्ष अशा ठिकाणी बसायचंय, जिथं मी काटोलची का कुठली, पोरगी का पोरगा, हे कोणाला ठाऊक नसेल." परदेशात असं अगदीच नसतं, हे आम्हाला कळतं. पण तिचं दुखणं खरं होतं.

कॉलेजचं उत्तर आलं. त्या विद्यापीठाशी करार नाही. म्हणजे बाहेरचं वर्ष इथं मोजलंच गेलं नसतं, परत तिसऱ्या वर्षाला बसावं लागलं असतं. 50 हजार भरले नव्हते, हे नशीब. पोरगी दोन दिवस जेवली नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही दुसरी वाट मांडली. पदवी इथंच पूर्ण करायची. 2024-25 पासून 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे, ते हिला मिळतंच. नंतर एका वर्षाची मास्टर्स पदवी, ती इंग्लंड-आयर्लंडला एका वर्षात होते. राज्य सरकारच्या परदेश शिष्यवृत्त्या मुख्यतः याच टप्प्यासाठी आहेत, पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी. मधल्या वर्षासाठी नाहीत, हे पालकांना कोणी सांगत नाही. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे, वर्षाला 75 जागा. ओबीसी आणि आदिवासी मुलांसाठी वेगळ्या. प्रवेश जगातल्या वरच्या क्रमांकाच्या विद्यापीठात हवा, म्हणजे गुण हवेत.

शाहू महाराजांचं नाव का, तेही सांगतो. बाबासाहेब 1913 साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. बदल्यात दहा वर्षं संस्थानची नोकरी करायचा करार होता. 1920 साली लंडनचं अर्धवट शिक्षण पुरं करायला निघाले तेव्हा शाहू महाराजांनी मदत केली, मित्राकडून कर्जही घेतलं. दीक्षाभूमीच्या गावात राहून हे आपण विसरतो, की त्या शिक्षणामागेही करार होता, उसनवारी होती, आणि मधे तुटलेलं वर्षही होतं.

आता पोरगी तिसऱ्या वर्षाला जाईल. इंग्रजीच्या परीक्षेची फी 17-18 हजार आहे. निकाल दोनच वर्षं चालतो, म्हणून ती आत्ता नाही, शेवटच्या वर्षी द्यायची. तेव्हा गट स्वतःच्या बचतीतून कर्ज देणार, शेकडा 1 ने, ठराव वहीत लिहिला आहे. पासपोर्ट मात्र काढायला टाकला, फी 1500 रुपये. परवा चौकशीला पोलीस घरी आले, तर अख्खी आळी गोळा झाली. कोणीतरी विचारलं, काय गुन्हा केला पोरीनं? ताईंनी सगळ्यांना चहा केला, पोलिसांनाही, आणि यंदाच्या आंबिया बहाराची संत्री कापून पुढे ठेवली. वावर अजून दोन एकरच आहे.