पीळ कुठे आहे ते पाहा



आपल्या बीड जिल्ह्यात जमिनीचे दोन स्वभाव आहेत. बालाघाटाच्या अंगावर, पाटोदा-आष्टीकडे, हलकी मुरमाड जमीन. पाऊस पडला की तासाभरात पाय कोरडा. गोदाकाठी, गेवराई-माजलगावकडे, काळी भारी जमीन. तिथे पाऊस पडला की पायातली चप्पल रानात राहते आणि माणूस पुढे जातो. उसाच्या फडाकडे जाणाऱ्या पाणंदीत ट्रॅक्टरसुद्धा रुततो. अशा रानात ज्यांचे घर आहे, त्यांच्यापैकी काहींनी जुन्या फोर-व्हील जीपगाड्या अजून सांभाळून ठेवल्या आहेत. कुणी सरकारी लिलावात घेतलेली, कुणी वडिलांच्या वेळची.

या गाड्या घेऊन येणाऱ्यांची एक तक्रार मी गॅरेजात वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे : "मिस्त्री, फोर-व्हील पडलं, पण आता सुटत नाही." चिखलातून गाडी बाहेर येते, डांबरी रस्त्याला लागते, आणि दांडा जागचा हलत नाही. मग कुणी लाथ मारतो, कुणी टॉमी अडकवून ओढतो, कुणी हातोडी घेतो. आज मला सांगायचे आहे ते एवढेच, की दांडा अडला म्हणजे डबा बिघडला असे समजू नका. बहुतेक वेळा तो पिळाने धरलेला असतो.

हा पीळ कुठून येतो? दुसऱ्या महायुद्धात, १९४१ पासून, अमेरिकन सैन्यासाठी विलीजची जीप मोठ्या संख्येने तयार झाली. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच मुंबईत माझगावला महिंद्र कंपनीने त्याच घराण्यातल्या जीपची जुळणी सुरू केली. गिअरबॉक्सच्या मागे एक छोटा डबा असतो, त्याला ट्रान्सफर केस म्हणतात. इंजिनाची ताकद तिथून मागच्या चाकांकडे जाते. फोर-व्हील टाकले की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडले जातात. दोघांनी बरोबरीने फिरायचे, कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही.

चाकांचे मात्र तसे नसते. वळणावर पुढची चाके मोठ्या वर्तुळातून जातात, मागची लहान वर्तुळातून. सव्वादोन-अडीच मीटर लांबीच्या चाकपट्ट्याची जीप पाच मीटरच्या अंतराने पूर्ण गोल फिरवली, तर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा सुमारे तीन मीटर जास्त चालावे लागते. म्हणजे चाकाचा सव्वा-दीड फेरा. चिखलात चाक थोडे घसरते आणि हिशेब तिथल्या तिथे मिटतो. डांबरावर चाक घसरत नाही. मग तो फरक शाफ्टमध्ये, एक्सलमध्ये आणि डब्यातल्या दातांमध्ये साठत जातो. चऱ्हाटाला दोन्ही टोकांनी पीळ द्यावा तसाच. दातांवर एवढा दाब असतो, की त्यांच्यावर बसलेला गिअर सरकूच शकत नाही. आपण म्हणतो ना, सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. इथे हातोडीने दांडा वाकतो, पण पीळ जात नाही.

हे मला पुस्तकातून कळले नाही. चूक करून कळले.

पंचवीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. गेवराई तालुक्यातले एक शेतकरी हीच तक्रार घेऊन आले. मी जीप आत घेतली, पुढून जॅक लावला. गाडी वर जाताना खालून 'खट्' असा आवाज आला. मी ऐकला, पण मला तो समजला नाही. डबा खोलला. आत काही तुटलेले नव्हते. पण खोलल्यावर काहीतरी बदलायलाच हवे, म्हणून दांड्याचा फोर्क नवा टाकला. दांडा लोण्यासारखा चालू लागला. कापसाच्या पट्टीतले पैसे होते त्यांचे. त्यातून मी माझी मजुरी घेतली आणि दुरुस्ती जमली म्हणून खूशही झालो.

पंधरा दिवसांनी ते परत आले. तक्रार तीच. ते काही बोलले नाहीत, नुसते बाकावर बसून राहिले. ते न बोलणे मला जास्त लागले.

त्या दिवशी आमच्याकडे एक निवृत्त सरकारी ड्रायव्हर चहाला बसले होते. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "लेका, डब्याला काय विचारतोस? चाकाला विचार."

मागचे दोन्ही टायर कोरे होते. पुढचे दोन्ही झिजून गुळगुळीत. बस, एवढेच. मागचे चाक ७२ सेंटिमीटरचे आणि पुढचे ७० धरले, तरी एका किलोमीटरला पुढचे चाक बारा-तेरा फेरे जास्त फिरते. रस्ता अगदी सरळ असला तरी. डांबराला लागल्यावर थोड्याच अंतरात पीळ भरत होता. आणि तो 'खट्' आवाज? पुढचे चाक जमिनीवरून उचलले गेले, पीळ मोकळा झाला, त्याचा. दुरुस्ती माझ्या पान्याने नव्हे, जॅकने केली होती.

मी मजुरी परत केली. फोर्कचे पैसे त्यांनी घेतले नाहीत; "नवा हाये, राहू द्या," म्हणाले. तेव्हापासून फोर-व्हील अडलेली गाडी आली की मी आधी खाली वाकून टायर पाहतो.

आता रस्त्यात दांडा अडला तर काय करायचे, ते क्रमाने सांगतो.

पहिले, स्टिअरिंग सरळ करून सपाट जागी थांबा. जुन्या जीपला दोन आखूड दांडे असतात : एक फोर-व्हीलचा, दुसरा हाय-लोचा. लो पडलेला असेल तर फोर-व्हील सुटतच नाही. आत तशी अडकणच ठेवलेली असते, कारण लोचा सगळा जोर एकट्या मागच्या एक्सलवर येऊ नये. तेव्हा आधी लो काढून हायमध्ये या. कितीतरी गाड्या या एका कारणासाठी गॅरेजात आलेल्या मी पाहिल्या आहेत.

दुसरे, गाडी रिव्हर्समध्ये सरळ काही मीटर मागे घ्या. पुढे जाताना भरलेला पीळ मागे येताना उलगडतो. त्याच वेळी क्लच दाबून दांड्यावर हलका हात ठेवा. जोर लावू नका. पीळ संपतो त्या क्षणी दांडा आपण होऊन सरकतो.

तिसरे, नाहीच सुटले तर एका बाजूची दोन चाके साइडपट्टीच्या मुरमावर उतरवून हळू चालवा. तिथे चाक घसरते आणि पीळ निघतो.

चौथे, जॅक. पुढचे एक चाक जमिनीपासून उचला. बाकीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. या जीपचा हँडब्रेक बऱ्याचदा चाकांवर नसून डब्याच्या मागच्या शाफ्टवर असतो. म्हणून मागचे चाक उचलू नका. ते उचलले की हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळू शकते. पुढचे चाक सुटताना झटक्याने फिरते, तेव्हा हात लांब ठेवा. गाडीखाली कुणी जायचे नाही.

आता दांडा काढून पाहा. सरकला, तर उचललेले चाक हाताने फिरवा. सहज फिरले म्हणजे फोर-व्हील सुटले. नुसता पुढचा शाफ्ट फिरताना दिसला म्हणून घाबरू नका. ज्या गाड्यांना फ्री-व्हील हब नाहीत, त्यांचा तो टू-व्हीलमध्येही फिरतोच. हब असतील तर ते मोकळे करून गाडी घरापर्यंत आणता येते.

पीळ निघूनही दांडा जड असेल, तर मग दोष शोधा, तोही बाहेरून आत. पावसाळ्यातला चिखल फ्लोअरखाली वाळून सिमेंट होतो, तो आधी धुवा. दांडे ज्या पिनवर फिरतात ती पिन गंजते. दांडा आठ-आठ महिने हलवलाच नाही, की दुसरे काय होणार? तिला ग्रीस द्या. त्यानंतर डब्यातले तेल पाहा. ते दुधाळ झाले असेल तर पाणी शिरले आहे. आतली दांडी गंजली असेल. डबा खोलायचा तो सगळ्यात शेवटी.

"चालतेय तशी चालू द्या," असेही काही जण म्हणतात. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. फोर-व्हील अडकलेली गाडी कोरड्या डांबरावर वळायला नाखूश असते. स्टिअरिंग जड होते, टायर चिरचिरतात, शाफ्टचे क्रॉस तुटतात. एकदा अशीच एक जीप मी स्वतः मांजरसुंब्याच्या घाटात उतरवत होतो. वळणावर स्टिअरिंग फिरवले, पण गाडीचे नाक सरळ कठड्याकडे निघाले. वेग कमी होता म्हणून आज तुमच्याशी बोलतो आहे. त्या दिवशी घाटातच पुढचा शाफ्ट सोडला आणि मगच खाली उतरलो.

चारही टायर एका मापाचे आणि सारख्या झिजेचे ठेवा, हवा गाडीच्या पुस्तकाप्रमाणे भरा. शंका असेल तर पुढच्या-मागच्या टायरवर खडूने खूण करून गाडी टू-व्हीलमध्ये सरळ ढकला. मागच्या चाकाचे दहा फेरे होताना पुढच्या खुणेने किती सोडले, ते उघड्या डोळ्यांना दिसते. महिन्यातून एकदा मऊ रानात फोर-व्हील टाका, काढा. आणि चिखल संपला, की डांबरावर चढण्याआधीच, मातीवर असतानाच, दांडा मागे घ्या.

आमच्या गॅरेजात नव्या पोराला मी आजही हातोडी लवकर देत नाही. आधी खडू देतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)